घाटाचा राजा सपाटीवरही घडतो

डेन्मार्कमधली सर्वांत उंच नैसर्गिक टेकडी समुद्रसपाटीपासून जेमतेम १७१ मीटर भरते. जालना शहर त्याच्या जवळपास तिप्पट उंचीवर, सुमारे ५०० मीटरवर वसलेलं आहे. तरीही आल्प्स आणि पिरेनीजमधले घाट पार करून २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं ‘टूर द फ्रान्स’ जिंकणारा योनास विंगेगार्ड त्याच सपाट डेन्मार्कचा, हिलरस्लेव नावाच्या खेड्यातला. व्यावसायिक सायकलपटू म्हणून जम बसण्याआधी तो मासळीच्या कारखान्यात काम करत होता. आमच्याकडे घाटच नाहीत, मग घाट मारणारी पोरं कुठून येणार, असं मराठवाड्यात कुणी म्हणालं तर विंगेगार्डचं नाव जरूर सांगावं.

घाटाचं गणित सोपं आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण ५०० मीटर उंची चढावी लागते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरत आला. समजा, ६० किलोचा सायकलपटू ८ किलोच्या सायकलवर हा चढ २५ मिनिटांत चढला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाशी झगडायला त्याला सरासरी २२० वॅटच्या आसपास शक्ती लागते. हवा आणि टायरचं घर्षण त्याहून वेगळं. तेवढ्याच वेळात ७० किलोच्या गड्याला चढायचं असेल, तर आणखी तीसेक वॅट खर्ची पडतात. म्हणून घाटात नुसती ताकद मोजत नाहीत, वजनाच्या दर किलोमागे किती वॅट निघतात ते पाहतात.

सपाटीवर ताशी ४५ किलोमीटरने जाताना बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि पुढच्याच्या मागे चिकटलं की मोठी बचत होते. तीव्र चढावर वेग उतरतो आणि हा आडोसाही विरळ होतो. अशक्त गडी घोळक्यात लपू शकत नाही, म्हणून अनेक दिवसांच्या शर्यतींचा निकाल बहुधा घाटातच लागतो.

हा निकाल हल्ली फार कोवळ्या वयाच्या पोरांच्या बाजूने लागतो आहे. कोलंबियाच्या एगन बर्नालने २०१९ची ‘टूर’ जिंकली तेव्हा तो २२ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तादेय पोगाचारने बाविसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, ला प्लांश दे बेल फीच्या चढावर, आघाडीची पिवळी जर्सी हिसकावली. शरीरशास्त्रात याचं उत्तर आहे. शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ती क्षमता विशीच्या सुरुवातीलाच शिखराजवळ पोचते. पॉवर मीटरमुळे पंधरा-सोळाव्या वर्षीच सरावातला वॅट न् वॅट मोजला जातो. पूर्वी जे प्रशिक्षकाच्या नजरेवर सोडलेलं असे, ते आता आकड्यांत दिसतं.

पण एक गोष्ट उशिरा येते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ताज्या पायांनी वीस मिनिटांचा चढ मारताना वीस वर्षांचा होतकरू आणि तीस वर्षांचा मुरलेला सायकलपटू यांच्यात फारसा फरक दिसत नाही. चार तास पॅडल मारल्यानंतर तोच चढ द्या, मग अंतर उघडं पडतं. थकल्यावरही ताकद टिकवण्याचा हा गुण अनेक हंगामांच्या मेहनतीने अंगात मुरतो. त्यात खाण्याचा वाटा मोठा आहे. स्नायूंत आणि यकृतात साठलेलं ग्लायकोजन साधारण दोन हजार कॅलरींचं असतं, तर डोंगरी टप्पा चार हजारांहून अधिक मागतो. ही तूट सायकलवरच भरून काढावी लागते. आतड्यातून ग्लुकोज शोषण्याच्या वाटेला तासाला साठेक ग्रॅमची मर्यादा आहे, फ्रुक्टोजची वाट मात्र वेगळी. दोन्ही एकत्र दिले तर तासाला ९० ग्रॅम किंवा जास्तही पचवता येतात, पण पोटालाही तशी सवय लावावी लागते. त्यासाठी परदेशी पाकिटंच हवीत असं नाही. साखर आणि गुळातली सुक्रोज मुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचीच जोडी आहे.

दुसरी उशिरा येणारी गोष्ट म्हणजे डावपेच. ३१ मे २०२५ रोजी ‘जिरो द’इटालिया’च्या विसाव्या टप्प्यावर मेक्सिकोचा २१ वर्षांचा इसाक देल तोरो आघाडीच्या गुलाबी जर्सीत होता. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ त्याच्या ४३ सेकंद मागे, तर ब्रिटनचा सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. कोल्ले देल्ले फिनेस्त्रे हा १८ किलोमीटरहून लांब घाट, सरासरी चढ ९ टक्क्यांच्या वर आणि माथ्याकडचे आठेक किलोमीटर कच्चे. तिथे येट्स निसटला. देल तोरो आणि कारापाझ एकमेकांवर नजर ठेवून राहिले, कारण जो पाठलाग करील तो दमेल आणि मागच्याला फुकट नेईल. हा हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात तिसरा माणूस धरलेला नव्हता. येट्सच्या संघाने वाउट व्हान आर्टला आधीच पुढच्या तुकडीत पाठवून ठेवलं होतं. उतारानंतरच्या दरीत, जिथे हवेचा आडोसा पुन्हा मोलाचा होतो, तिथे तो येट्सला ओढून नेण्यासाठी हजर होता. देल तोरो अखेर येट्सच्या जवळजवळ चार मिनिटं मागे, दुसरा आला. माझ्या मते त्या दिवशी पायांपेक्षा निर्णय कमी पडला, आणि तसा निर्णय अशा प्रसंगांतून जाऊनच शिकता येतो.

जालना जिल्ह्याकडे या नजरेने पाहावं. उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या अंगाने अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, बाकी मुलूख पठाराचा. उघड्या माळावरचा समोरचा वारा तासभर एकसारखा जोर लावायला लावतो, आणि ती लांब चढाची चांगली तयारी आहे. ऊनही शिकवतं. पॅडलवर २५० वॅट उतरतात तेव्हा शरीरात त्याच्या जवळजवळ तिप्पट उष्णता तयार होते, आणि घाटात वेग कमी असल्याने वारा ती उडवून नेत नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली दहा-चौदा दिवस उष्णतेची सवय केली तर रक्तातला द्रवभाग वाढतो आणि घाम लवकर सुटू लागतो.

मुलांना वजन उतरवायला सांगणं मात्र धोक्याचं. वाढीच्या वयात खाणं तोडलं तर संप्रेरकं बिघडतात, मुलींची पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. सायकलिंगमध्ये हाडांवर आदळआपट कमी असल्याने ती आधीच कमी बळकट होण्याची शक्यता असते. किलोमागचे वॅट वाढवायचे तर आधी वॅट वाढवावेत.

मानव विकास कार्यक्रमातून जालन्यासारख्या जिल्ह्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. रोज सायकलवरून शाळा गाठणाऱ्या या मुलींतून खेळाडू शोधण्याची सुरुवात व्हावी असं मला मनापासून वाटतं. जिल्हा क्रीडा संकुलात वॅट मोजणारी एक जागेवरची सायकल असली तरी पुरे, तिच्यावर हवा तसा चढ लावता येतो. पण त्याआधी रक्त तपासावं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. पहिल्या चाचणीत मागे पडलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर असेल, तर उपचारांनंतर काही महिन्यांनी तिला त्याच सायकलवर पुन्हा बसवायला हवं. निवड त्यानंतर करावी.