कोरड्या बागेतलं पाणी

क्योटोतल्या र्योआनजी मंदिराच्या ओसरीवर बसलं की समोर पांढरी बारीक खडी, १५ दगड आणि त्यांच्या बुडाशी शेवाळ, एवढंच दिसतं. या कारेसान्सुई, म्हणजे कोरड्या निसर्गदृश्याच्या पद्धतीच्या बागेत कोणी फिरत नाही. ती बसून पाहायची.

दगड म्हणजे डोंगर, खडी म्हणजे पाणी

अशा रचनेचा उल्लेख अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या ग्रंथात आहे, म्हणजे झेन पंथ जपानमध्ये रुजण्याआधीच. झेन मठांनी तिला ध्यानाची जोड दिली. दाइसेनइन मठाच्या चिंचोळ्या बागेत उभे दगड डोंगर होतात, त्यांतून खडीचा धबधबा उतरतो, त्याचा ओढा होतो, वाटेत नावेच्या आकाराचा दगड लागतो. शेवटी सपाट पांढरा समुद्र. माणसाचा जन्मापासूनचा प्रवास त्यात वाचतात.

१५ दगडांचं कोडं

र्योआनजीची बाग साधारण २५ मीटर लांब, १० मीटर रुंद. दगडांचे गट पाच. ओसरीवर कुठेही बसा, एखादा तरी दगड दुसऱ्याआड राहतोच. कोणी म्हणतं, वाघीण पिल्लांना नदीपार नेते आहे. कोणी म्हणतं, ही समुद्रातली बेटं. मंदिराची स्थापना १४५० ची, पण बाग कोणी रचली यावर अभ्यासकांत एकमत नाही आणि रचणाऱ्याने अर्थ लिहून ठेवलेला नाही. मला तरी वाटतं, वाघ सापडला की पाहणं थांबतं. डोळ्याला धरायला काही सापडत नाही, म्हणूनच मन हळूहळू स्थिरावतं.

दंताळ्याची साधना

बागेचा दुसरा उपयोग पाहुण्यांना सहसा दिसत नाही. भिक्षू जड लाकडी दंताळं खडीतून ओढत मागे मागे सरकतात, त्यामुळे पाऊलखुणा आपोआप पुसल्या जातात. मोकळ्या जागेत सरळ रेघा, दगडाभोवती वलयं. खडी भरड असते, म्हणून रेघ टिकते. पण पाऊस, वारा आणि पानगळ ती मोडतातच. मग पुन्हा दंताळं हाती. झेन मठांत अशा अंगमेहनतीला ‘सामु’ म्हणतात आणि तिचं मोल बैठ्या ध्यानाइतकंच मानतात.

जाणार असाल तर

र्योआनजी १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे गर्दी असते. सकाळी दार उघडताच जा, फोन खिशात ठेवा आणि दगड मोजण्यापेक्षा एका जागी निवांत बसा.