जोड-अटीचे स्थान : काशीदच्या नोंदींच्या निमित्ताने

ई. एफ. कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानात दोन कोष्टके जोडली जातात ती मूल्यांच्या तुलनेने. डेटाबेसवर उभारलेल्या मॉडेलांमध्ये हा जोड बहुधा गृहीतच धरलेला असतो : गावाचा क्रमांक दोहोंकडे सारखा आढळला की काम झाले. स्थलनामांच्या अभ्यासात एवढ्याने भागत नाही. क्रमांक कायम राहतो, नाव बदलते.

मुरूड तालुक्यातील काशीद घ्यावे. हा प्रदेश 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होता. विलीनीकरणानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि 1981 मध्ये त्या जिल्ह्यासच रायगड हे नाव मिळाले. समजा, एका कोष्टकात 1901, 1961 व 1991 या जनगणनावर्षांच्या काशीदच्या तीन नोंदी आहेत. दुसऱ्यात त्याच गावक्रमांकापुढे जिल्ह्याची दोन नावे, आरंभवर्ष व अंतवर्ष यांसह, दिली आहेत. केवळ क्रमांकावर जोड घातल्यास सहा ओळी निघतात आणि 1901 चे काशीद रायगड जिल्ह्यात जाऊन बसते. संगणक याविषयी तक्रार करीत नाही, हीच खरी अडचण होय.

म्हणून अट वाढवावी लागते : नोंदीचे वर्ष आरंभवर्षाच्या आधीचे नसावे आणि अंतवर्षापूर्वीचे असावे. परंतु रायगडचे अंतवर्ष रिकामे आहे. रिकाम्या मूल्याशी केलेली तुलना खरीही ठरत नाही, खोटीही ठरत नाही. परिणामी 1991 ची ओळ गळते. यास्तव 'अंतवर्षापूर्वीचे असावे, किंवा अंतवर्ष रिकामे असावे' हा विकल्प कंसात घालावा. कंस विसरल्यास 'आणि'ची पकड 'किंवा'पेक्षा घट्ट असल्याने कोष्टकातील प्रत्येक गावाची प्रत्येक नोंद रायगडास जोडली जाते!

अट कोणती, याइतकेच ती कोठे लिहिली हेही निर्णायक असते. लेफ्ट जॉइनमध्ये डावीकडील प्रत्येक नोंद राखली जावी अशी अपेक्षा असते. कालाची अट मागाहून 'व्हेअर'मध्ये घातली तर 1901 ची नोंद दोन्ही नावांशी ताडून पाहिली जाते, दोन्हींकडे नापास होते आणि उत्तरातून नाहीशी होते. तीच अट 'ऑन'मध्ये, म्हणजे जोडाच्या अंगातच, असेल तर तिन्ही नोंदी राहतात. 1901 पुढे जिल्ह्याचा रकाना मोकळा दिसतो. ते मोकळेपणच यथार्थ आहे, कारण त्या वर्षी काशीद ज्यात होते ते संस्थान होते, जिल्हा नव्हे.

एसक्यूएलअल्केमी या पायथन-ग्रंथालयात संबंधाची अशी अट 'प्रायमरीजॉइन' म्हणून मॉडेलातच लिहिता येते आणि जोड घालताना ती 'ऑन'मध्येच उतरते. असा संबंध 'व्ह्यूओन्ली', म्हणजे वाचनापुरता, ठेवणे इष्ट. त्याच्या द्वारे नवे नाव जोडू गेल्यास क्रमांक आपोआप भरला जाईल. वर्षे मात्र अभ्यासकालाच भरावी लागतील.