हलकं आइस्क्रीम किती हलकं?

पोटभर जेवण झाल्यावरही गोडाला जागा असते, हा आपल्या पोटाचा अजब न्याय आहे. आमच्याकडे ईदचा शीरखुर्मा होतो, बिर्याणी होते आणि तरी संध्याकाळी कुणीतरी विचारतंच, ‘आइस्क्रीम नाही आणलं?’ अलीकडे या प्रश्नाला एक शेपूट फुटलं आहे: ‘कमी कॅलरीचं आणलंय ना?’

माझ्या थोरल्या आपांना गेली पंधरा वर्षं मधुमेह आहे. त्यांच्यासाठी मुलानं बिनसाखरेच्या आइस्क्रीमचा डबा आणला. आपा हरखल्या. ‘अरे, साखरच नाही तर मोजायचं कशाला?’ म्हणून रोज रात्री दोन वाट्या. चौथ्या दिवशी पोट बिघडलं आणि साखरही चढली. मग मी चष्मा लावून त्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचायला बसलो.

आइस्क्रीम म्हणजे दूध, मलई, साखर आणि हवा. हवा म्हटल्यावर हसू नका. घुसळताना हवा मिसळली नाही तर आइस्क्रीमची वीट होईल. आपल्याकडच्या नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. म्हणजे लिटरभर दिसणारा माल अर्ध्या किलोहून जरासाच जास्त असू शकतो. साध्या आइस्क्रीमच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० कॅलरी असतात, पण १०० मिलिलिटरच्या कपात त्याच्या जवळपास निम्म्याच. म्हणून दोन डब्यांची तुलना करताना आकडा ग्रॅमचा आहे की मिलिलिटरचा, हे आधी पाहावं. एकाचा ग्रॅमचा आणि दुसऱ्याचा मिलिलिटरचा आकडा शेजारी ठेवला, की दुसरा उगाचच सडपातळ दिसतो.

आता कमी काय करतात? पहिला मान मलईचा, कारण एक ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी आणि एक ग्रॅम साखरेत ४. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के असावा लागतो. ‘लो फॅट’ म्हणवणाऱ्यात तो अडीच टक्क्यांहून जास्त चालत नाही. ‘फ्रोझन डेझर्ट’ हा मात्र वेगळा प्रकार. त्यात दुधाच्या मलईऐवजी वनस्पतीजन्य तेल किंवा चरबी असते. वनस्पती शब्दानं फसू नका, तिच्याही ग्रॅमला ९ कॅलरीच.

साखर काढणं त्याहून अवघड. लहानपणी मिरजेला आम्ही पॉटचं आइस्क्रीम करायचो. लाकडी बादलीत बर्फ, त्यावर जाडं मीठ आणि हँडल फिरवायला आम्ही पोरं. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्याही खाली थंड होतं आणि तरी गोठत नाही. आइस्क्रीमच्या पोटात हेच काम साखर करते. सगळं पाणी दगडासारखं गोठू देत नाही. गझलेतला रदीफ काढावा तसं आहे हे: एक शब्द जातो आणि अख्खी रचना ढासळते. साखर काढली की तिच्या जागी गोडीही हवी आणि मऊपणाही.

त्यासाठी माल्टिटॉलसारखे पदार्थ घालतात. हे साखरेचेच दूरचे भाऊबंद. माल्टिटॉलच्या ग्रॅमला दोन-सव्वादोन कॅलरी असतात आणि रक्तातली साखर तो कमी वाढवतो, पण वाढवतो. शिवाय तो आतड्यात पुरता शोषला जात नाही, त्यामुळे जास्त खाल्लं की पोट ढिलं होतं. तशी सूचना डब्यावर होती, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. वर दुधाची स्वतःची साखर असतेच, आणि ‘बिनसाखरेचं’ म्हटल्यानं मलई काही कमी झालेली नसते. आपांच्या दोन वाट्यांचा हिशोब इथे लागला.

मग हा प्रकार घ्यावा की नाही? मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून, मोजून घ्यायला हरकत नाही. ज्यांना नुसतं वजन उतरवायचंय त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली सांगितलं आहे की, साखरेऐवजी कृत्रिम गोडी वापरून वजन आटोक्यात ठेवायचा प्रयत्न करू नये. माझं विचाराल तर अस्सल मलईचं आइस्क्रीम, लहान कपात, आठवड्यातून एकदा. हलक्या आइस्क्रीमच्या तीन कपांपेक्षा ते हलकंच पडतं.

घरी करायचं असेल तर सायीशिवायच्या दह्याचा चक्का आणि हापूसचा रस घोटून फ्रीजरमध्ये ठेवा. वरून साखर नको. आंब्याची स्वतःची आहे, तेवढी मधुमेह्यांनी हिशोबात धरावी. तासातासानं काट्यानं ढवळून बर्फाचे खडे मोडा. साखर कमी म्हणून ते दगडासारखं होणारच. वाढायच्या आधी पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवा.