दालच्यातली दुधीची फोड
आमच्या बालवर्गात मधल्या सुट्टीत डबे उघडले, की बहुतेकांत बिस्किटे नाहीतर जॅम-चपाती. "टीचर, भाजीला हातच लावत नाही हो," अम्मी सांगतात. किती वेळा वाढली? दोनदा, तीनदा! नवी चव रुचायला लहान मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. जबरदस्तीने भरवू नका, नावड बसू शकते. दालच्यातली दुधीची एकच फोड ताटात ठेवा. उरली तर उरू द्या, दोन दिवसांनी पुन्हा वाढा. फळांत पेरू स्वस्त, आणि 'क' जीवनसत्त्व संत्र्याहून जास्त. पण दस्तरखानावर अब्बाच भाजी बाजूला सारत असतील, तर?

आमच्या घरीही भेंडीवरून रडारड चाले. शेवटी आग्रह सोडून आम्ही दोघे आपापली खात राहिलो. तीनेक आठवड्यांनी धाकटीने आमच्याच ताटातली एक उचलली.