पथकाला गाव हवे

गोव्यात स्काउटिंगचा विषय निघाला की बोलणे गणवेश, शिबिर आणि राष्ट्रपती पुरस्कार यांवर येऊन थांबते. पथक चालवणाऱ्या मोठ्या माणसाविषयी क्वचितच कोणी बोलते. आपल्याकडे हा माणूस बहुधा शाळेतला शिक्षक असतो. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक कामे वाटतात आणि कोणाच्या वाट्याला क्रीडा, कोणाच्या वाट्याला विज्ञान मंडळ, तसे कोणाच्या वाट्याला स्काउट येते. अनेक शिक्षकांनी हे काम मनापासून, पदरमोड करून केले आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनच या लेखात एक गोष्ट मांडायची आहे. स्काउटिंग गावातल्या स्वयंसेवी प्रौढांच्या बळावर उभे राहण्यासाठी जन्मले. ते केवळ शाळेच्या खांद्यावर टाकल्यामुळे मुलांचेही नुकसान होते आणि गावाचेही. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ही चूक सुधारणे सर्वांत सोपे आहे, आणि गरजही तिथेच मोठी आहे.

सुरुवात मुळापासून करू. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांचे शिबिर भरवले. त्यांतली काही मुले श्रीमंतांच्या शाळांतली होती, काही कष्टकरी घरांतली. त्यांचे चार संघ पाडले, प्रत्येक संघाला एक संघनायक दिला आणि रोजचा बराचसा कारभार त्या संघनायकांवर सोपवला. पुढच्याच वर्षी निघालेल्या ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ने ही पद्धत जगभर नेली. आजही भारत स्काउट आणि गाईड संघटनेत दहा ते सतरा वयोगटाचे पथक सहा ते आठ मुलांच्या संघांतच विभागले जाते. तंबू कुठे ठोकायचा, चूल कोण पेटवणार, वाट चुकली तर काय करायचे, हे मुलांनी ठरवायचे. मोठ्या माणसाने जवळ असायचे, धोका दिसला तर पुढे यायचे आणि एरवी एक पाऊल मागे राहायचे. स्काउटमास्टरांसाठी पुढे लिहिलेल्या पुस्तकात बेडन-पॉवेल यांनी स्पष्टच सांगितले की हा माणूस शाळामास्तर, लष्करी अधिकारी किंवा धर्मोपदेशक नसावा. मुलांचा थोरला भाऊ असावा. दिवसभर वर्गात शिस्त राखणाऱ्या, गुण देणाऱ्या आणि पालकांकडे तक्रार करू शकणाऱ्या माणसाला त्याच मुलांचा थोरला भाऊ होणे फार अवघड जाते. हा त्याच्या स्वभावाचा दोष नाही. भूमिकाच तशी आहे.

भारतातला इतिहासही हेच सांगतो. १९०९ मध्ये बंगळुरात पहिले पथक निघाले ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. भारतीय मुलांना गणवेश आणि संघटन दिले तर ती राज्याविरुद्ध उभी राहतील, अशी सरकारला भीती होती. तेव्हा नागरिकांनी वाट पाहिली नाही. शाहजहानपुरात श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये स्वतःचे पथक काढले. अॅनी बेझंट यांनी मद्रासकडे वेगळी संघटना उभारली. पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादच्या सेवा समितीतून स्काउटिंग वाढवले. कुंझरू हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव कार्यकर्ते होते. नागरिकाने आपला वेळ समाजाला द्यायचा, ही गोखल्यांची शिकवण त्यांच्यामार्फत स्काउटिंगमध्ये आली. सेवा समितीचे कार्यकर्ते मोठमोठ्या मेळ्यांत हरवलेली मुले शोधत, आजाऱ्यांना उचलून नेत आणि घाटांवरची गर्दी आवरत. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट आणि गाईड स्थापन झाली आणि कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले. भारतीय स्काउटिंग घडवणाऱ्या या माणसांपैकी कोणीही शाळेने नेमून दिले म्हणून ते काम केले नव्हते.

मग गोव्यात ते शाळेत कसे अडकले? उत्तर आपल्या इतिहासात आहे. उर्वरित भारतात ही नागरी चळवळ वाढत होती तेव्हा गोवा सालाझारच्या हुकूमशाहीखाली होता. सभा घेणे आणि छापील मजकूर प्रसिद्ध करणे यांवर कडक बंधने होती. पोर्तुगालने १९३६ मध्ये ‘मोसिदाद पोर्तुगेझा’ ही सरकारी युवक संघटना उभारली. तरुणांना संघटित करणे हे सरकारचे काम, नागरिकांचे नव्हे, असे त्या राजवटीचे सूत्र होते. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. अशा वातावरणात गावोगावच्या स्वयंसेवी पथकांना जागा नव्हती. १९ डिसेंबर १९६१ नंतर ती मिळाली, पण त्याच सुमारास दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत शाळाही झपाट्याने खेड्यापाड्यांत पोहोचल्या. नवी गोष्ट गावात नेण्याचे सर्वांत जवळचे दार शाळेचे होते, म्हणून स्काउटिंगही त्याच दारातून आत आले. त्या काळी ते योग्यच झाले. पण साठ वर्षांनंतरही ते तिथेच का थांबावे?

थांबण्याची किंमत मोजावी लागते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामे शिक्षकांना देता येतील असे म्हटले, पण तेवढीसुद्धा वर्षातले कित्येक दिवस खातात. त्यावर अभ्यासक्रम, परीक्षा आणि ऑनलाइन भरायची माहिती. ग्रामीण गोव्यातल्या अनेक सरकारी प्राथमिक शाळांत पटसंख्या इतकी घसरली आहे की एकदोन शिक्षकांवर सगळी शाळा चालते, आणि कित्येक शाळा बंदही झाल्या. अशा ठिकाणी पथक म्हणजे शेवटच्या तासाला उरकायचे आणखी एक काम होते. शिक्षकाची बदली झाली की पथक थांबते, शाळा मिटली की नाहीसे होते. ज्या वाड्यावर शाळा राहिली नाही, तिथल्या मुलांना एकत्र आणणारी जागा सर्वांत आधी हवी असते, आणि सध्याच्या रचनेत नेमकी तीच मुले पथकाला मुकतात.

पथकामुळे मुलांचे खरोखर काही भले होते का, असे कोणी विचारील तर त्याचे उत्तर केवळ भावनेने देऊ नये. एडिंबरा आणि ग्लासगो विद्यापीठांतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५८ साली ब्रिटनमध्ये जन्मलेल्या जवळजवळ दहा हजार लोकांची माहिती तपासली. लहानपणी स्काउट किंवा गाईड असलेल्यांना वयाच्या पन्नाशीत चिंता किंवा मनःस्थितीच्या विकारांचा त्रास होण्याची शक्यता सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी आढळली. गरीब आणि सुखवस्तू घरांतून आलेल्यांच्या मानसिक आरोग्यातले एरवी दिसणारे अंतरही स्काउट-गाईड राहिलेल्यांत दिसेनासे झाले होते. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. ब्रिटनच्या निष्कर्षांवरून गोव्याचे गणित मांडता येणार नाही आणि पथकामुळेच हे घडले असेही छातीठोकपणे म्हणता येणार नाही. तरी चार दशकांनंतर दिसणारा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. त्याच ब्रिटनमध्ये अलीकडे सुमारे एक लाख मुले पथकात जागा मिळण्याची वाट पाहत होती, आणि संघटनेने सांगितलेले मुख्य कारण होते स्वयंसेवी प्रौढांची टंचाई. मुले तयार आहेत. अडले आहे ते मोठ्यांपाशी.

तशी माणसे पेडणे-डिचोलीत आहेत का? २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ७६ हजार आणि डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. या गावांत मुलांना काही शिकवायला मोठी माणसे कधी पगार मागत नाहीत. भजनी मंडळात मृदंगावर बसणारा पोरगा, शिगम्याच्या मेळात ढोल उचलणारा पोरगा, जत्रेच्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावणारा पोरगा, हे सगळे गावातल्याच कोणा जाणत्याच्या हाताखाली तयार होतात. तालीम रात्रीची असते, दिवसभर काम करून आलेली माणसे ती घेतात आणि वर्षानुवर्षे घेतात. स्वयंसेवेची सवय इथे नव्याने लावायची नाही. तिला नवे क्षेत्र दाखवायचे आहे. शापोरा आणि तेरेखोल नद्यांचे पाणी ओळखणारा होडीवाला, घरी आलेला सैनिक, आरोग्य केंद्रातली परिचारिका, डिचोलीच्या खाणपट्ट्यात यंत्रे दुरुस्त करून हात बसलेला मेकॅनिक, स्वयंसाहाय्य गटाचा हिशेब चोख ठेवणारी बाई, यांच्याजवळ जे आहे ते पाठ्यपुस्तकात नाही. गाठी, प्रथमोपचार, पोहणे, दिशा ओळखणे, ‘खरी कमाई’तून कष्टाचा पैसा मिळवणे, हा स्काउटिंगचा अभ्यासक्रम जणू यांच्याचसाठी लिहिला आहे.

गरजही तितकीच खरी आहे. जुलै २०२१ च्या पुरात डिचोली, पेडणे आणि सत्तरीतली गावे पाण्याखाली गेली. १९८२ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर असल्याचे सांगितले गेले. मे २०२५ मध्ये डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. स्काउट असते तर ते टळले असते, असा दावा करणे मृतांवर अन्याय ठरेल. गर्दीची आखणी ही प्रशासनाची आणि आयोजकांची जबाबदारी आहे आणि अल्पवयीन मुलांना धोक्याच्या तोंडी उभे करणे अक्षम्य आहे. पण पाणी पाजणे, हरवलेल्यांना सांभाळणे, प्रथमोपचार केंद्रात हात देणे ही कामे सेवा समितीने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवली. ती येणारे दोनशे तरुण आणि त्यांना वर्षभर तयार करणारे वीस प्रौढ तालुक्यात असले, तर गाव संकटाला अधिक शहाणपणाने सामोरे जाईल.

सर्वांत गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो हलक्या हाताने बाजूला सारता येत नाही. शिक्षक निदान नेमणुकीचा, ओळखीचा असतो. कोणाही प्रौढाला मुलांचे शिबिर का सोपवावे? अमेरिकेतल्या स्काउट संघटनेने दशकानुदशके लैंगिक शोषणाच्या तक्रारी दाबून ठेवल्या, अखेर फेब्रुवारी २०२० मध्ये तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि ८० हजारांहून अधिक पीडितांनी दावे दाखल केले. गोव्यालाही हा धडा बाहेरून घ्यायची गरज नाही. मडगावात अनाथाश्रमाच्या आडून चाललेले मुलांचे शोषण १९९१ मध्ये उघडकीला आले. पुढे २००३ मध्ये गोव्याने स्वतःचा बाल कायदा केला, २०१२ मध्ये पोक्सो कायदा देशभर आला. या सगळ्यातून निघणारा निष्कर्ष असा की माणूस ओळखीचा आहे, पदावर आहे, आदरणीय आहे, यातले काहीही सुरक्षिततेची हमी देत नाही. हमी नियमांतून येते. एकट्या प्रौढाने मुलासोबत राहायचे नाही, नेहमी दोघे. मुली असतील तर प्रौढ स्त्री हवीच. पोलीस पडताळणी झाल्याशिवाय नेमणूक नाही. तक्रार पथकाबाहेरच्या व्यक्तीकडे जाईल आणि थेट कायद्याच्या वाटेने जाईल. ‘नेहमी दोघे’ हा नियम एकट्या शिक्षकावर चालणाऱ्या पथकात पाळताच येत नाही. म्हणजे सुरक्षिततेचा आक्षेप अधिक प्रौढ आणण्याच्या विरोधात जात नाही. तो त्याच बाजूने उभा राहतो.

दुसरा आक्षेप असा की गणवेश, ध्वज आणि प्रतिज्ञा यांत लष्करीपणा आणि वसाहतीचा वास आहे. शिवाय एनसीसी आणि एनएसएस आहेतच. गणवेशाचा अतिरेक झाला तर हा आक्षेप खरा ठरतो. केवळ प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी उभे केलेले पथक स्काउटिंगचे नाव घेते, काम नाही. पण एनसीसीची रचना लष्करी प्रशिक्षणाची आहे, एनएसएस मुख्यतः महाविद्यालय आणि उच्च माध्यमिक पातळीवर चालते. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहाआठ जणांच्या संघात स्वतः निर्णय घ्यायला शिकवणे हे काम या दोन्हींचे नाही. प्रतिज्ञेत ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहेच. पुण्यात १९६६ पासून चालणारे ‘संगम’ हे गर्ल गाईडचे जागतिक केंद्र देशोदेशींच्या स्वयंसेविका चालवतात. त्यांच्या कामात लष्करी काही शोधूनही सापडणार नाही.

तिसरी शंका व्यवहाराची आहे. पेडण्याचा तरुण किनाऱ्यावरच्या हॉटेलात किंवा मोपा विमानतळावर पाळीत राबतो, त्याला सवड कुठली? म्हणूनच एका माणसावर भार टाकू नये. चारपाच प्रौढ मिळून पथक चालवतील तर प्रत्येकाला महिन्यातले दोनच रविवार द्यावे लागतील. मानधन द्यावे का? मला वाटते, देऊ नये. मानधन आले की नेमणुकीसाठी शिफारशी येतात आणि निवड हातची जाते. मात्र प्रवास, प्रशिक्षण आणि विमा यांचा खर्च स्वयंसेवकाच्या खिशातून जाता कामा नये. प्रशिक्षणाची वाटही तयार आहे. बेसिक, अॅडव्हान्स्ड आणि पुढे हिमालयन वुड बॅज, अशी पायऱ्यांची व्यवस्था संघटनेकडे वर्षानुवर्षे आहे आणि ती शिक्षकांपुरती बांधलेली नाही.

कुठल्याही संस्थेला न जोडलेले खुले पथक काढण्याची सोयही संघटनेच्या नियमांत आहे. ती पेडणे-डिचोलीत वापरली पाहिजे. संघटनेच्या पणजीतल्या कार्यालयाने पहिल्या वर्षी प्रत्येक तालुक्यात चार गावे निवडावीत, शक्यतो जिथली शाळा बंद पडली आहे अशी. रिकामी शाळेची इमारत पंचायतीमार्फत पथकाला द्यावी. अनुभवी स्काउट-शिक्षकांनी पथक चालवण्याऐवजी या नव्या स्वयंसेवकांना घडवावे. त्यांच्या अनुभवाचे खरे मोल तिथेच होईल. संघटनेने वर्षाअखेरी किती पुरस्कार मिळाले यापेक्षा किती प्रौढ दुसऱ्या वर्षीही टिकले याचा हिशेब जाहीर करावा, कारण पथकाचे आयुष्य त्या आकड्यावर ठरते. आणि ज्या वाचकाला आपल्या गावातली मुले मोबाइलवर मान घालून बसलेली पाहून हळहळ वाटते, त्याने ती हळहळ महिन्यातल्या दोन रविवारांत रूपांतरित करावी. नियम आहेत, अभ्यासक्रम आहे, मुले आहेत. आता नाव नोंदवायचे आहे ते मोठ्यांनी.