जुन्या ट्रकचा शाफ्ट खोलण्यापूर्वी

भंडारा जिल्ह्यात हमरस्त्याकाठच्या कुठल्याही वस्तीत जा, एखाद्या घरी ड्रायव्हर, क्लीनर नाहीतर मिस्त्री भेटतोच. नागपूर-रायपूर रस्ता, तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणी, धानाच्या गिरण्या आणि १९८२ पासूनचा गडेगावचा अशोक लेलँड कारखाना यांच्या आधाराने अनेक घरांच्या चुली पेटल्या.

टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तो करार १९६९ साली संपला, पण त्या घडणीच्या लांब नाकाच्या गाड्या पुढेही कित्येक वर्षे धावल्या. तशीच एक जुनी गाडी आम्ही घरी जपली आहे.

एके दिवशी गाडी उचलताना खालून 'टक्' असा आवाज येऊ लागला. वेग वाढला की केबिन थरथरे. मागच्या हाऊसिंगच्या तोंडाशी ऑईल पाझरलेले दिसले. क्रॉस झिजले, सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आणि पिनियनचे सील गेले, असे निदान झाले.

घरच्या मुलाने उत्साहात पाना घेतला. गाडी गिअरमध्ये आहे, मग चाकांना दगड कशाला, असे त्याला वाटले. शेवटचा बोल्ट निघताच गाडी हलली. तो लोळत बाहेर आला म्हणून वाचला. इंजिन आणि मागची चाके यांना जोडणारा दुवा म्हणजे हा शाफ्ट. तो सुटला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही. म्हणून सपाट जागा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके, हे आधी, पाना नंतर.

त्यानंतरचे काम शांतपणे केले. खोलण्यापूर्वी फ्लँजवर आणि शाफ्टच्या जोडावर छिन्नीने खुणा केल्या. दोन्ही टोकांचे चिमटे एका रेषेत बसले नाहीत, तर नवे सामान घालूनही थरथर राहते. शाफ्ट जड असतो, तो दोघांनी उतरवला. लॉक काढून वाट्या ठोकून काढल्या. आतले सुईसारखे रोलर गंजले होते आणि क्रॉसवर त्यांचे चरे उमटले होते. ठोकताना पोलादाची कपची उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

सील बदलताना फ्लँजवर बोट फिरवून पाहावे. तेथे चर पडली असेल तर नवे सीलही गळते. सीलचे ओठ ऑईलच्या बाजूला ठेवून, त्यांना ऑईल लावून, ते सरळ बसवावे. हाऊसिंगचा श्वासनळीसारखा ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर आतला दाब वाढून ऑईल सीलमधून बाहेर येते. आमचा ब्रीदर बुजलेलाच होता.

शेवटी ऑईलची पातळी पाहिली आणि चारही वाट्यांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस भरले. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा तपासले.

आता आवाज थांबला आहे. त्या मुलाने गाडीच्या फळीवर खडूने लिहून ठेवले आहे: 'आधी ओंडका.' वाचकहो, आपल्या पोरांच्या हाती पाना देताना हे दोन शब्दही द्या.