स्पॅनिश गुणपत्रिकांतील संक्षेपांचे इंग्रजी भाषांतर

स्पेन आणि लॅटिन अमेरिकेतील स्पॅनिशभाषक देशांत पदवी संपादन केलेले विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आदी देशांतील विद्यापीठांकडे अर्ज करतात, तेव्हा मूळ गुणपत्रिकेसोबत तिचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. विषयांची नावे भाषांतरित करणे फारसे कठीण नसते. कसोटी लागते ती गुणांच्या रकान्यातील दोन-तीन अक्षरांपाशी. ही अक्षरे पुष्कळदा इंग्रजी शिक्षणपद्धतीतील अक्षरांसारखीच दिसतात, पण त्यांचा अर्थ वेगळा असतो.

मेक्सिकोतील काही गुणपत्रिकांत ‘एन.ए.’ म्हणजे ‘नो आक्रेदितादा’, अर्थात विद्यार्थी त्या विषयात अनुत्तीर्ण आहे. इंग्रजी वाचक मात्र याच अक्षरांचा अर्थ ‘नॉट अ‍ॅप्लिकेबल’, म्हणजे ‘लागू नाही’ असा घेतो आणि विद्यार्थ्याचे अपयश झाकले जाते. ‘एन.पी.’च्या बाबतीत नेमके उलट घडते. स्पॅनिशमध्ये ते ‘नो प्रेसेन्तादो’चे, म्हणजे परीक्षेस अनुपस्थित राहिल्याचे चिन्ह आहे. अमेरिकेतील काही विद्यापीठांत मात्र ‘एन.पी.’ म्हणजे ‘नॉट पास्ड’. त्यामुळे अक्षरे जशीच्या तशी ठेवल्यास जो परीक्षेला बसलाच नाही, तो अनुत्तीर्ण ठरतो. मेक्सिकोतीलच स्वायत्त महानगर विद्यापीठ ‘एम.बी.’, ‘बी’ आणि ‘एस’ या श्रेणी देते. त्यांचे अर्थ अनुक्रमे उत्तम, चांगले आणि पुरेसे असे आहेत. येथील ‘बी’ म्हणजे अमेरिकेतील ‘बी’ श्रेणी असे परस्पर गृहीत धरणे योग्य नव्हे.

स्पेनमधील गुणपद्धती सप्टेंबर २००३ च्या शाही आदेशाने निश्चित झाली आहे. तीनुसार १० पैकी ५ पेक्षा कमी गुण म्हणजे ‘सुस्पेन्सो’, ५ ते ६.९ ‘आप्रोबादो’, ७ ते ८.९ ‘नोताब्ले’ आणि ९ पासून पुढे ‘सोब्रेसालिएन्ते’. यांतील ‘सुस्पेन्सो’ हा शब्द धोक्याचा आहे. घाईत त्याचे ‘सस्पेंडेड’ केले गेले, तर साध्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाल्याचा समज होऊ शकतो. ‘एम.एच.’ म्हणजे ‘मात्रिकुला दे ओनोर’. शब्दशः ‘सन्मानाची नोंदणी’ असा अर्थ होणाऱ्या या संज्ञेतून इंग्रजी वाचकाला काहीच बोध होत नाही. ९ किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांपैकी मोजक्यांनाच हा मान मिळतो. त्यांची संख्या त्या विषयाला नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांच्या ५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असल्यास एकालाच तो देता येतो. एवढा खुलासा टीपेत न दिल्यास विद्यार्थ्याच्या सर्वोच्च यशाची दखलच घेतली जात नाही.

‘कोन्व.’ या संक्षेपाचे तर दोन अर्थ संभवतात. एक ‘कोन्वोकातोरिया’, म्हणजे परीक्षेची खेप, आणि दुसरा ‘कोन्वालिदादा’, म्हणजे अन्यत्र पूर्ण केलेल्या विषयाला दिलेली मान्यता. तो कोणत्या रकान्यात आहे, यावरूनच निर्णय करावा लागतो. ‘कोन्वोकातोरिया एक्स्त्राओर्दिनारिया’ हे ऐकायला भारदस्त वाटते, पण ती निव्वळ पुनर्परीक्षा असते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ‘एटीकेटी’ जशी विस्तार न करताच समजते, तशीच ही संज्ञा तेथील विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडलेली असते. तिचा विस्तार करण्याची गरज परक्या वाचकालाच भासते.

श्रेयांक दर्शवणाऱ्या ‘सी.आर.’ या अक्षरांचे मोलही काळानुसार बदलले आहे. स्पेनच्या जुन्या अभ्यासक्रमांत एक श्रेयांक म्हणजे दहा तासांचे अध्यापन असे. सध्याच्या युरोपीय पद्धतीत तो विद्यार्थ्याच्या २५ ते ३० तासांच्या एकूण कामाचा निदर्शक आहे. विद्याशाखेच्या नावातील ‘सी.सी.’ पाहून नवखा भाषांतरकार दोन शब्द शोधत बसतो. वस्तुतः स्पॅनिशमध्ये अनेकवचनासाठी अक्षराची द्विरुक्ती करतात आणि येथे ‘सिएन्सियास’, म्हणजे ‘विज्ञाने’ एवढाच अर्थ असतो.

संक्षेपांचा विस्तार करणे हे भाषांतरकाराचे काम; गुणांचे रूपांतर करणे हे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचे. ही मर्यादा ओलांडण्याचा मोह आकड्यांपाशी अधिक होतो. चिलीमध्ये ७ पैकी ६ गुण ही उत्तम कामगिरी असते, तर मेक्सिकोत १० पैकी ६ म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. पेरूमध्ये गुण २० पैकी आणि कोलंबियात ५ पैकी दिले जातात. अशा वेळी मूळ आकडा तसाच ठेवून त्या विद्यापीठाची गुणश्रेणी टीपेत नोंदवणे इष्ट ठरते. अनेक गुणपत्रिकांच्या तळाशी किंवा मागील बाजूस संक्षेपांची सूची छापलेली असते. मात्र विद्यार्थी बहुधा पुढच्याच बाजूची छायाप्रत पाठवतात. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी दोन्ही बाजू मागवून घेणे आणि सूची नसल्यास संबंधित विद्यापीठाचे परीक्षाविषयक नियम पाहणे आवश्यक असते.